वाटणीतून सुटलेलं कार्ड

घरात अर्धा किलोची पिशवी आली की चतुराबाईंचा चेहरा उतरायचा. अर्धा किलो तूरडाळ! त्यांना वाटायचं, दुकानदारानं चव बघायला दिलीय की काय. आता यात त्यांचा दोष काढू नका. मखमलाबादच्या मळ्यात ज्या बाईनं छत्तीस वर्षं तेरा माणसांचा स्वयंपाक केला, पहाटे चुलीपुढं बसून भाकरीवर भाकरी थापली, तिच्या हाताला अर्ध्या किलोचं माप कळावं तरी कसं? गेली चार वर्षं त्या इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर राहतात. लेक ज्ञानेश, सून प्रतिभा, आठ वर्षांची नात सृष्टी आणि त्या. खाणारी तोंडं चार, त्यातलं सृष्टीचं तोंड खायला कमी आणि बोलायला जास्त.

आणि तरीही त्यांच्याकडं ‘भरघोस’चं कार्ड होतं.

‘भरघोस’ म्हणजे द्वारका चौकाच्या पुढं महामार्गाला लागून असलेलं घाऊक दुकान. कार्ड दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. वर्षाची वर्गणी भरायची, मग आत जाऊन तेलाचा डबा, साखरेची गोणी, साबणांची बारा-बारा वड्यांची पाकिटं बाहेरच्यापेक्षा स्वस्तात घ्यायची. एक नग म्हणून तिथं सहसा काही मिळत नाही, बहुतेक सगळं गठ्ठ्यानंच घ्यावं लागतं. लग्नघरवाले, खानावळवाले, मोठी खटली, असल्यांचं ते दुकान. चौघांच्या घरानं तिथं जाऊन काय करायचं, हा ज्ञानेशचा प्रश्न होता आणि खरं सांगायचं तर पोराचं काही चुकत नव्हतं.

पण कार्ड घेतलं तेव्हा घर चौघांचं नव्हतं ना! सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. चतुराबाई आणि त्यांची धाकटी जाऊ नवसा, दोघी झेंडूच्या टेम्पोत बसून बाजारात आल्या होत्या. फुलं उतरवली, हात धुतले आणि नवसा म्हणाली, “बाई, ते नवीन दुकान बघू की. लय मोठं हाय म्हणतात.” नवसा मोठ्या जावेला ‘बाई’च म्हणायची. गेल्या दोघी. तिथल्या माणसानं सांगितलं, एका घरात राहणाऱ्या दोघांना एकाच वर्गणीत दोन कार्डं मिळतील, एक मुख्य आणि एक जोडकार्ड. चतुराबाईंचं मुख्य, नवसाचं जोड. फोटो काढायला उभं केलं तर नवसाला हसू आवरेना. “अगं, दात झाक!” म्हणून चतुराबाई ओरडल्या, आणि तेवढ्यात त्या माणसानं बटण दाबलं. कार्डावर नवसा अशी हसतेय की बघणाऱ्यालाही हसू यावं. त्या दिवशी दोघींनी पंचवीस किलो साखर आणि एक प्लास्टिकचा टब घेतला. टब कशाला घेतला ते दोघींनाही घरी येईपर्यंत आठवेना.

दोन वर्षांनी वाटणी झाली. चतुराबाईंचे मालक तोवर गेले होते, ज्ञानेशची नोकरी अंबडच्या कारखान्यात, त्यानं इंदिरानगरात फ्लॅट घेतला होता. भांडण म्हणून नव्हतं काही. धाकट्या दिरांनी, म्हणजे नवसाच्या कारभारींनी, स्वतःच पाच माणसं बोलावली, जमीन मोजली, विहिरीच्या पाळ्या ठरवल्या. मग ओट्यावर भांडी आली. हंडे, परात, पितळेचे डबे, दोन ढीग पडत गेले. शेवटी राहिलं सासूबाईंचं मोठं पातेलं, ज्यात दरवर्षी कुरडयांचा चीक शिजायचा.

नवसा हळूच म्हणाली, “बाई, पातेलं इथंच राहू द्या. फ्लॅटात कुरडया कुठं करणार तुम्ही?”

ती वाईट बोलली नव्हती, खरं बोलली होती. पण चतुराबाईंना त्या दिवशी खरं सोसत नव्हतं. छत्तीस वर्षांचं घर सुटत होतं, आणि कोणीतरी तोंडावर सांगत होतं की आता तुझ्या हातून कुरडयासुद्धा व्हायच्या नाहीत. त्या फणकारल्या, “तुझ्या माहेरून एक वाटी तरी आली होती का गं? नेसत्या लुगड्यानं आलीस, आणि आता भांड्यावर हक्क सांगतेस!”

वीस माणसं ऐकत होती. नवसाचे आईबाप दुसऱ्याच्या मळ्यात राबून पोट भरणारे, तिला लग्नात देऊन देऊन काय देणार? हे चतुराबाईंइतकं कोणाला ठाऊक नव्हतं, कारण लग्नानंतर नवसाला पहिली नवी साडी त्यांनीच नेसवली होती, आपल्या पेटीतली. नवसाच्या ढिगात पितळेचा सोऱ्या आला होता, तो तिनं उचलला, पदराखाली धरला आणि आत निघून गेली. पातेलं इंदिरानगरला आलं. माळ्यावर गेलं. त्यात आता दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या काड्या ठेवतात.

त्यानंतर दोघींचं बोलणं बंद झालं. लग्नाकार्यात दिसल्या तर नवसा पाया पडायची, कारण मोठी जाऊ म्हटल्यावर पडायलाच हवं. चतुराबाई “सुखी राहा” म्हणायच्या. त्यापुढं शब्द नाही. माफी मागावी असं चतुराबाईंना शंभरदा वाटलं, खोटं कशाला सांगू! पण मोठीनं धाकटीची माफी मागायची कशी, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. आणि फोन हातात घेतला की तोच शब्द आधी आठवायचा, मग बोट पुढं जायचंच नाही.

तर वाटणीत असं सगळं वाटलं गेलं, जमीन, विहीर, भांडी, देवाचे टाकसुद्धा. कार्ड तेवढं वाटायचं राहून गेलं. पंचांना काय माहीत, प्लास्टिकच्या दोन तुकड्यांवर हे घर अजून एकच आहे म्हणून!

हे चतुराबाईंच्याही ध्यानात नव्हतं. वाटणीनंतर तीनेक महिन्यांनी एके दुपारी त्यांचा फोन टिंग वाजला. ‘भरघोस’कडून बिल आलं होतं. बिल मराठीत असायचं म्हणून चतुराबाईंना वाचता यायचं, सातवी झाली होती त्यांची. ‘जोडकार्ड. साखर पाच किलो. शेंगदाणे दोन किलो. गूळ पाच किलो.’ त्या चक्रावल्या. आपण तर घरीच आहोत! मग उमगलं. नवसा गेली होती दुकानात. संक्रांत चार दिवसांवर आली होती. चतुराबाई पलंगावर बसून ते बिल पुन्हा वाचत राहिल्या. शेंगदाणे दोनच किलो? पूर्वी चार लागायचे. म्हणजे या वर्षी पोळ्या कमी करणार. स्वराज, नवसाचा धाकटा, पुण्याला शिकायला गेला असणार. त्यांचा अंदाज खरा निघाला, हे नंतर कुणाकडून तरी कळलं.

त्या दिवसापासून त्यांना एक नादच लागला म्हणा ना. महिन्यातून एकदा, कधी दोनदा टिंग वाजायचं, आणि चतुराबाई हातातलं काम टाकून चष्मा शोधायच्या. रवा आणि वेलदोडे आले, म्हणजे स्वराज सुट्टीला आला. फिनाइलचा पाच लिटरचा कॅन, म्हणजे दसरा, घर धुतलं जातंय. एकदा नुसता उदबत्त्यांचा गठ्ठा आला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, कारण ती सासूबाईंच्या श्राद्धाची तिथी होती आणि या घरात कोणालाही आठवली नव्हती. नवसा तिकडं काय शिजवतेय, कोणासाठी शिजवतेय, सगळं त्यांना कळायचं. पण वास मात्र यायचा नाही. फार आठवण यायची हो त्यांना! दुपारच्या वेळी, प्रतिभा बँकेत आणि सृष्टी शाळेत गेली की चार खोल्या अंगावर यायच्या. मग त्या फोनवरचं जुनं बिल काढून वाचत बसायच्या.

एका हिवाळ्यात दोन महिने टिंग वाजलंच नाही. चतुराबाईंचा जीव टांगणीला लागला. जेवणात लक्ष नाही, प्रतिभानं विचारलं तर “काही नाही गं” म्हणाल्या. शेवटी बिल आलं. ‘गरम पाण्याची पिशवी, दोनचं पाकीट. गुडघ्याचं तेल, तीन बाटल्या.’ म्हणजे नवसाचा गुडघा गेला होता! आपण असताना तिला जड हंडा उचलू दिला नव्हता कधी. त्या दिवशी त्यांनी फोन लावलाच. एक घंटी वाजली आणि त्यांनीच घाबरून कापला.

आणि आता ज्ञानेश म्हणत होता, कार्ड बंद करू.

फाल्गुन सरत आला होता, कार्डाची मुदत मार्चअखेर संपत होती. रविवारी सकाळी चहा पिताना त्यानं आईला नीट बसवून समजावलं. “आई, हिशेब बघ. वर्षाला हजार रुपये वर्गणी. रिक्षाचं भाडं जाऊन-येऊन वेगळं. मागच्या वर्षी आपण गेलो पाच वेळा. पंधरा लिटरचा तेलाचा डबा आणला, शेवटचा निम्मा खवट झाला. हरभऱ्याच्या डाळीला पोरकिडे लागले. टिश्यू पेपरचा गठ्ठा अजून सृष्टीच्या पलंगाखाली आहे. मोठ्या घराला परवडतं गं ते, महिन्याला दोन डबे तेल लागणाऱ्या घराला. आपल्याला नाही. मोबाइलवर बटण दाबलं की दहा मिनिटांत अर्धा किलो डाळ दारात.”

“अर्धा किलो,” चतुराबाई पुटपुटल्या.

“हो, अर्धाच लागते आपल्याला!”

पोरगं बरोबर होतं. खाणाऱ्यांची तोंडं मोजा, साठवायची जागा मोजा, दुकान किती लांब ते मोजा, उत्तर त्याच्याच बाजूनं येणार. चतुराबाईंना त्याला सांगायचं होतं की बाबा, मी डाळीसाठी वर्गणी भरत नाही रे. पण हे बोलायचं म्हणजे ओट्यावरचा तो शब्दही बोलावा लागला असता. आईच्या तोंडून असलं काही गेलं होतं, हे पोराला ठाऊक नव्हतं. तो त्या वेळी बांधावर हद्दीच्या खुणा रोवायला गेला होता. त्यांनी रिकामे कप उचलून आत नेले. ज्ञानेशला वाटलं, पटलं.

सोमवारी सगळे गेल्यावर चतुराबाईंनी कपाटातून स्वतःचे हजार रुपये काढले, रुमालात बांधले आणि रिक्षा केली. मुख्य कार्ड गेलं की जोडकार्डही जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग नवसा कुठल्या तरी वाण्याकडून सामान भरेल आणि आपल्याला तिच्या घरातलं मीठसुद्धा कळायचं नाही. ते काही त्यांना सोसणार नव्हतं.

काउंटरवर पायल नावाची मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, हसतमुख. कार्ड यंत्रावर धरून ती म्हणाली, “काकू, हे तर भरलंय. शनिवारीच.”

“भरलंय? माझ्या मुलानं?”

“नाही नाही. जोडकार्डवाल्या काकू आल्या होत्या ना. मीच पावती केली. गुडघ्याला पट्टा होता त्यांच्या.” पायलला आठवून हसू आलं. “मी त्यांना म्हटलं, काकू, तुम्ही मखमलाबादला राहता, मुख्य कार्डवाल्या इंदिरानगरला. पत्ते वेगळे झालेत. त्यापेक्षा तुमचं स्वतंत्र कार्ड करून देते. तर म्हणाल्या, ‘नको गं पोरी, घर एकच हाय. वरचं नाव मोठ्या बाईंचंच राहू दे.’”

चतुराबाई पैशांचा रुमाल पुन्हा बांधायला लागल्या.

“आणि काकू, बिलं येतात ना व्यवस्थित? दोन्ही कार्डांची बिलं दोन्ही फोनवर जातात. त्यांची तुम्हाला, तुमची त्यांना. त्यांनी विचारलं होतं, तीन महिने झाले, मोठ्या बाईंचं बिल आलं नाही, फोनात काही बिघाड आहे का. मी म्हटलं, त्यांनी खरेदीच केली नसेल.”

आता काय सांगावं! चार वर्षं चतुराबाईंना वाटत होतं की आपणच चोरून बघतोय. आणि तिकडं नवसा, चौथी शिकलेली, एकेक अक्षर जोडून, यांची बिलं वाचत होती. हिला काय काय कळलं असेल? दहा किलोचा आटा पाच किलोवर आला ते. दोन वर्षांपूर्वी साखर बंद झाली आणि बिनसाखरेची बिस्किटं सुरू झाली, म्हणजे बाईंना मधुमेह झाला, तेही. मखमलाबादहून द्वारकेला यायला दोन गाड्या बदलाव्या लागतात. तिकडं नाक्यावर वाण्याची तीन दुकानं आहेत. त्या दुखऱ्या गुडघ्यानं ही बाई इतक्या लांब साखर घ्यायला येत होती होय? चतुराबाईंना एकदम रडू फुटलं. पायल बिचारी घाबरली, पाणी घेऊन आली.

पाणी पिऊन त्यांनी डोळे पुसले, ढकलगाडी घेतली आणि आत गेल्या. आता त्यांना माहीत होतं की जे घेऊ ते नवसा वाचणार. मग घ्यायचं काय? साबणाच्या रांगेत उभ्या राहिल्या, पुढं गेल्या. तेलाशी थांबल्या, पुढं गेल्या. चुकलं माझं, हे कुठल्या फळीवर मिळतं का? शेवटी धान्याच्या रांगेत त्या थांबल्या. गव्हाची पाच किलोची पिशवी होती. फ्लॅटात आल्यापासून या घरात गहू आला नव्हता, यायचा तो तयार आटा. फाल्गुनात अख्खे गहू कशासाठी घेतात, हे नवसाला सांगावं लागणार नव्हतं. आणि कुरडया एकटीच्यानं होत नाहीत, हेही. एकीनं चीक हाटायचा, दुसरीनं पातेलं दाबून धरायचं. एकीनं सोऱ्या फिरवायचा, दुसरीनं भरायचा. मळ्यातल्या घरात नवसा आली तेव्हापासून दुसरी म्हणजे नवसाच.

त्यांनी पिशवी उचलून गाडीत टाकली. बाकी काही घेतलं नाही.

घरी आल्या आल्या गहू भिजत घातले. प्रतिभानं संध्याकाळी पातेलं खाली आलेलं पाहिलं. “आई, कुरडया? आपल्याकडं सोऱ्या तरी आहे का?”

“बघू,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पाणी बदललं. फोन गप्प. तिसऱ्या दिवशी पाणी बदललं, गव्हाला आंबूस वास सुटला, दाणा बोटानं दाबला की दूध निघायला लागलं. फोन गप्पच. एकदा टिंग वाजलं, धावत गेल्या, तर सृष्टीच्या शाळेचा निरोप. चतुराबाई स्वतःवरच चिडल्या. बिल बघून कोणी येतं का? त्या शब्दाला चार वर्षं झाली, तो पाच किलो गव्हानं पुसला जाणार आहे होय? माणसानं सरळ फोन करावा, तर ही म्हातारी गहू पाठवतेय! पण चौथ्या दिवशी गहू वाटायलाच हवेत, नाहीतर आंबून फुकट जातात. तेव्हा त्यांनी मिक्सरवर वाटले, फडक्यातून चीक गाळला, आणि पातेलं झाकून ठेवलं. आता रात्रभर चीक बसणार आणि पहाटे गॅसवर चढणार. पहाटे हाताशी दुसरी बाई हवी. प्रतिभा म्हणाली, “मी सुट्टी टाकते, आई.” गुणाची पोर आहे. चतुराबाईंनी मान हलवली आणि पातेल्यावरचं झाकण पुन्हा नीट बसवलं.

संध्याकाळी साडेसहाला टिंग वाजलं.

चष्मा कपाळावरच होता, तो शोधण्यात दोन मिनिटं गेली. सृष्टीनं खाली ओढून नाकावर बसवला. ‘जोडकार्ड,’ चतुराबाईंनी मोठ्यानं वाचलं. ‘हिंग, शंभर ग्रॅम. प्लास्टिकचा कागद, पाच मीटर. बिनसाखरेची बिस्किटं, सहाचा पुडा.’ इथं त्यांनी चष्मा काढून पुसला. नवसाच्या घरात साखर दर महिन्याला पाच किलो लागते, तिथं असली बिस्किटं कोण खाणार? त्यांनी शेवटची ओळ सृष्टीपुढं धरली.

सृष्टीनं वाचलं, “टूथब्रश, चारचं पाकीट.”

चतुराबाई उठल्या. गॅलरीत जाऊन रस्त्याकडं एकदा बघून आल्या, द्वारकेहून रिक्षा वीस मिनिटांत येते. मग आत येऊन म्हणाल्या, “प्रतिभा, ऐकलंस का गं? उद्याची सुट्टी टाकू नको. आणि माझ्या खोलीत अजून एक गादी घाल. नवसा मुक्कामाला येतेय.”

“हो? काकूंचा फोन आला?”

“नाही गं,” चतुराबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. “बिल आलं.”